हशासाठी सोडलेली जागा

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. परवा सेटवर लाकडी पेटी समजून एका खोक्यावर बसले, ते पुठ्ठ्याचं निघालं, आणि तेव्हापासून आठ अंगांपैकी निदान दोन माझं ऐकत नाहीत.) तुझा गुडघा, वहिनीचा घसा आणि गच्चीवरच्या टाकीची गळती, तिघांची प्रकृती कशी आहे ते सवडीने कळव. टाकीला हात लावू नकोस. मागच्या वेळी तू ती दुरुस्त केल्यावर खालच्या मजल्यावरचे लोक छत्री घेऊन आंघोळीला जात होते. नळखात्यात अख्खी नोकरी काढलेल्या माणसाच्या घरची टाकी गळावी हे बरं दिसत नाही खरं, पण माझ्याही घरात कोणी हसत नाही, आणि मी विनोदी लेखिका आहे.

पत्र लिहिण्यास कारण की, मला फुशारकी मारायची आहे. दुसरं कारण नाही. फोनवर ती नीट मारता येत नाही, कारण तू रंगात आलेल्या माणसाला मध्येच "बरं, ठेवू?" म्हणतोस. वहिनीने मला काहीही सांगितलेलं नाही. तू तुझ्या आठवणींच्या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं वाचनालयातल्या मित्रमंडळाला वाचून दाखवलीस, त्यातले एक जण घोरायला लागले, दुसरे मध्येच उठून कोणाची तरी स्कूटर रस्त्यात नाही ना ते बघायला गेले ते आलेच नाहीत, आणि तिसऱ्यांनी शेवटी अगदी आपुलकीने "सगळं छान आहे हो, पण यात तुम्ही कधी येता?" असं विचारलं, हे मला मुळीच माहीत नाही. त्यानंतर तू सगळे कागद जुन्या चादरीत बांधून कपाटावर टाकलेस, लेखन हा आपला प्रांत नव्हे असं जेवता जेवता जाहीर केलंस आणि तेव्हापासून शब्दकोड्यातल्या चौकटींवर राग काढत बसतोस, याचाही मला पत्ता नाही. त्यामुळे त्या विषयावर मी एक अक्षर लिहिणार नाही. उपदेश करणं माझ्या स्वभावात नाही. (वहिनी आत्ता हसली असेल. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.)

तर फुशारकी. आमची "सगळे जेवले का?" ही मालिका सध्या सगळ्यांच्या पुढे आहे. मी सांगत नाही, आकडे सांगतात, आणि आकडे मी निर्मातीणबाईंकडून दर आठवड्याला मागून घेते. परवा दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी माझ्या तोंडात दोन हत्यारं आणि एक आरसा घातला आणि मग विचारलं की, पुढच्या भागात त्या वडिलांचं काय होणार. मी जे काय उत्तर दिलं ते त्यांना समजलं नसावं, पण त्यांनी दाढ फार हळुवारपणे काढली. बँकेतली मुलगी माझी सही बघून उभी राहिली. मी लेखिका आहे हे मी आपणहून कोणाला सांगत नाही; संभाषण तिकडे वळेपर्यंत फक्त जागची हलत नाही. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय हे मला या वयात कळलं, आणि ते कुठे चढलं हे शिंप्याने सांगितलं.

पण तू पहिला भाग पाहिला होतास. मला आठवतं, भाग संपल्यावर मी फोन केला, आणि तू बराच वेळ घसा साफ करून म्हणालास, "दिवे चांगले लावले होते." दादा, त्या आठवड्यात माझ्या कानावर आलेलं ते सर्वांत कौतुकाचं वाक्य होतं. त्या भागाचं नेमकं काय झालं ते मी तुला आजवर सांगितलेलं नाही. तेव्हा लाज वाटत होती, आता मिरवावंसं वाटतं आहे.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. लेखक संवाद लिहितो आणि विनोद झाला की कंसात "हशा" असं लिहितो. मध्यम विनोदाला नुसता "हशा", बऱ्या विनोदाला "मोठा हशा", आणि लेखकाला स्वतःबद्दल फारच खात्री असली तर "हशा आणि टाळ्या". (पहिल्या भागात मी "हशा आणि टाळ्या" अकरा ठिकाणी लिहिलं होतं.) नट मंडळी त्या जागी थांबतात, मनात एक, दोन, तीन म्हणतात आणि मग पुढचं वाक्य बोलतात. चित्रीकरण आम्ही करतो एका जुन्या गोदामात, तिथे पूर्वी फ्रीज ठेवायचे. त्यात तीन भिंतींची खोटी बैठकीची खोली, खोटं स्वयंपाकघर, आणि एक खिडकी, जी उघडली की समोर रंगवलेली वीट दिसते. बघायला प्रेक्षक नसतात. आवाज नको म्हणून पंखेसुद्धा बंद. हशा मागाहून टाकतात. तो तयार मिळतो. कोणी तरी, कधी तरी, कशाला तरी हसलेलं असतं; ते आपण आपल्या विनोदाला चिकटवायचं. मला ही पद्धत फार सोयीची वाटली होती. विनोद मी केला आणि हसण्याची जबाबदारी दुसऱ्यावर, याहून सुखाची वाटणी कोणती?

पहिला भाग दाखवायच्या दिवशी चॅनलच्या माणसाच्या हातून कुठलं तरी बटण भलतीकडे दाबलं गेलं आणि आमचा हशा आमच्या मालिकेला लागलाच नाही. तो लागला आमच्यानंतरच्या कार्यक्रमाला. त्यात एक वयस्कर डॉक्टर मूतखड्यावर बोलत होते. "या आजारात रुग्ण रात्रभर तळमळतो," असं ते गंभीरपणे म्हणाले आणि मोठा हशा पिकला. "पाणी भरपूर प्यावं," म्हणाले, तर हशा आणि टाळ्या. बिचाऱ्यांना पुढे दोन महिने लोक भाषणाला बोलावत होते. इकडे आमच्या मालिकेतल्या घरात काय झालं ते ऐक. वडील विचारतात, "आज भाजी कोणी केली?" आई म्हणते, "मी." आणि मग कोणीच काही बोलत नाही. एक, दोन, तीन. सगळे एकमेकांकडे बघताहेत. मग मुलगा म्हणतो, "मला भूक नाही." पुन्हा एक, दोन, तीन. पंखा बंद. आईच्या कपाळावर घाम. असा तो अख्खा भाग. दादा, लोकांचं काळीज हललं. एका वर्तमानपत्राने लिहिलं की, आधुनिक कुटुंबातली भीषण पोकळी इतक्या धीटपणे आजवर कोणी दाखवली नव्हती. आमच्या इमारतीतल्या एक बाई जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या, "त्या बाईला माहेर नाही का हो?" आणि दोन सज्जन गृहस्थांनी त्या आईला आपल्याकडे कायमचा आसरा देऊ केला. (दोघेही विधुर निघाले.)

दुसऱ्या भागाला हशा नीट लागला. तेव्हा तर माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पहिल्या भागाचा दोष निदान बटणावर ढकलता येत होता. दुसऱ्यात माझा विनोद व्हायचा, मागे चारशे माणसं गडगडून हसायची, आणि इकडे दिवाणखान्यात बसलेली माझी सासू, नवरा आणि मुलगी एकमेकांकडे बघायची, आतल्या माणसांना आपल्याला न दिसलेलं काही तरी दिसलं असावं अशा चेहऱ्याने. चारशे माणसं एकाच वेळी खोटं बोलत होती आणि ते तिघांनाही कळत होतं. विनोद नव्हताच दादा. हशा लिहिला होता, विनोद लिहायचा राहिला होता. नवऱ्याने तेवढ्यात "दिवे चांगले लावलेत" असं म्हटलं, आणि तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे बोलता असा माझा जो जुना संशय आहे तो पक्का झाला.

शिवाय भाडेकरू होता. तो तुला आठवतोय का? वरच्या खोलीत राहणारा जादूगार. मालिका चालणार ती त्याच्यावरच असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्याच्यासाठी कबुतरं आणली, उलटा उघडणारा दरवाजा करून घेतला, त्याला सगळ्यांत लांब वाक्यं दिली. वडील हे पात्र नुसतं घरात कोणी तरी मोठं माणूस पाहिजे म्हणून घेतलेलं. त्यांना "आज भाजी कोणी केली?" आणि "दिवा बंद करा रे" याच्यापलीकडे वाक्यच नव्हतं. म्हणजे घरच्या कर्त्या माणसाला कोपऱ्यात बसवून मी टोपीतून कबुतरं काढत होते. (तुझ्या पहिल्या प्रकरणात खापरपणजोबा आहेत, दुसऱ्यात शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास आहे, आणि तिसऱ्यात बिडाचे नळ विरुद्ध सिमेंटचे नळ आहेत, हे मला माहीत नसल्यामुळे मी तुलना करत नाही.) कबुतरांनी पहिल्याच आठवड्यात संप केला. जादूगाराने रुमाल झटकला की ती उडायच्या ऐवजी चालत बाहेर जायची.

चॅनलवाल्यांनी निरोप पाठवला की, सहावा भाग बघू आणि मग ठरवू. हा निरोप कसा असतो ते तुला सांगते. फार गोड आवाजात असतो. निर्मातीणबाई तो ऐकून माझ्याकडे आल्या, मेकअपच्या खुर्चीत बसल्या, आणि माझ्याकडे न बघता आरशातल्या मला म्हणाल्या, "तुम्ही आधी काय करत होता?" मी घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं की, लेखन हा आपला प्रांत नव्हे. (हे वाक्य आपल्या घराण्यात चालत आलेलं दिसतं.)

पाचव्या भागाच्या तालमीत आमचे वडील अडून बसले. वडील म्हणजे मालिकेतले. तसे ते माझ्यापेक्षा चांगले लहान आहेत, पण आता सगळेच त्यांना वडील म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. ते म्हणाले, "बाई, ते एक, दोन, तीन मला झेपत नाही. दुसऱ्याने विनोद केला की मी तोंड उघडं टाकून उभा. मी करू काय तेवढ्या वेळात?" मी वैतागले होते. पाचव्या भागापर्यंत नटाने असलं काही विचारू नये असं माझं मत होतं. मी तडकून म्हटलं, "आमचा दादा करतो ते करा." ते म्हणाले, तो काय करतो? आणि मी करून दाखवलं. दादा, तू काय करतोस हे तुला ठाऊक नाही. घरात कोणी विनोद केला की सगळे हसतात, आणि तू हसत नाहीस. तू उठतोस. सावकाश जाऊन खिडकीची कडी लागली आहे की नाही ते बघतोस. लागलेली असते. तरी एकदा काढून पुन्हा लावतोस. मग येऊन बसतोस आणि त्या विनोदाच्या आधी जो विषय चालला होता त्यातलं पुढचं वाक्य बोलतोस, जणू मधल्या वेळात खोलीतून कोणी तरी परकं माणूस जाऊन आलं. लहानपणापासून मी हे बघते आहे. तुला एकदा तरी हसवावं म्हणून मी विनोद करायला शिकले, हे मात्र मी तिथे कोणाला सांगितलं नाही. तुलाही आजच सांगते आहे.

वडिलांनी ते केलं. मुलगा काही तरी बोलला, ते उठले, खोट्या खिडकीपाशी गेले, रंगवलेल्या विटेकडे एकदा नीट पाहिलं, कडी काढली, लावली, परत आले आणि म्हणाले, "तर भाजी कोणी केली?" वर शिडीवर बसून दिवे लावणारा माणूस असा हसला की त्याची पक्कड खाली पडली. मग आई हसली, ध्वनीवाला हसला, निर्मातीणबाई आल्या होत्या त्या डोळे पुसायला लागल्या. दिग्दर्शक ओरडला की सगळं पुन्हा करावं लागेल, आणि ओरडता ओरडता तोच खुर्चीत बसला. त्या गोदामात आमच्या विनोदाला हसलेला तो पहिला जिवंत माणसांचा आवाज. मी उठून बाहेर गेले आणि गोदामाच्या भिंतीला टेकून चांगली रडले. तुझ्यापासून लपवून काय करू, अभिमानाने रडले.

त्यानंतर मी सहावा भाग सगळा नव्याने लिहिला. "हशा" हा शब्द एकदाही लिहिला नाही. त्या जागी माणसं काय करतात ते लिहिलं. आई पदराला हात पुसते, ते कोरडे असले तरी. मुलगा उत्तर द्यायच्या आधी फ्रीज उघडून बघतो. जादूगाराला एका वाक्यात परदेशी पाठवला. (कबुतरं राहिली. ती आता कॅमेऱ्याच्या मागे बसतात आणि कोणाचंही ऐकत नाहीत, फक्त जेवणाची सुट्टी त्यांना बरोबर कळते.) हशा विकत घ्यायचाच नाही असं मी निर्मातीणबाईंना सांगितलं. लोकांना हसायचं तर आपापल्या घरी आपापल्या आवाजात हसतील, आपण फक्त जागा सोडायची. त्या म्हणाल्या, आणि नाही हसले तर? मी म्हटलं, तर मूतखड्याचे डॉक्टर आहेतच. सहावा भाग लोकांनी पाहिला. पुढचं तुला दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं असतं.

मला आता नव्या लेखकांपुढे बोलायला बोलावतात. मी जाते. शाल घेते, पुष्पगुच्छ घेते, आणि सांगते की पहिले पाच भाग फाडू नका, कारण सहावा त्यांच्याच पोटात असतो. पण ते फार जपूनही ठेवू नका. सांगते की सुरुवातीला आपण कोणासाठी तरी लिहीत असतो, ज्याला आपण हुशार समजतो, आणि त्याला दाखवायला कबुतरं आणतो. ज्या माणसाला आपण कोपऱ्यात बसवलेलं असतं तो उठून खिडकीकडे गेला की खरी गोष्ट सुरू होते. आणि समोर बसलेला माणूस घोरला, तर तो खोटं हसणाऱ्या चारशे माणसांपेक्षा आपला मोठा हितचिंतक असतो. सगळे हे वहीत उतरवून घेतात. मग एक जण उठून विचारतो की मानधन किती मिळतं. हे भाषण मी तुला उद्देशून केलेलं नाही, हे तू मान्य करशीलच.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, टाकीला लांबूनच शुभेच्छा.

तुझी,
धाकटी

ता. क. : चॅनलवाल्यांनी आणखी शंभर भाग मागितले आहेत. मी अभिमानाने हो म्हणून बसले आणि घरी येऊन कपाळावर हात मारला. दादा, तू संपलास. लग्न होऊन मी घर सोडलं तोवरचा तू मला पाठ आहेस. तो सगळा मी वापरला. त्यानंतर तू नळखात्यात काय केलंस, साहेबाशी कसा भांडलास, मुलं पहिल्यांदा उशिरा घरी आली तेव्हा कुठल्या खोलीत येरझाऱ्या घातल्यास, यातलं मला काहीच ठाऊक नाही. ते एका चादरीत बांधून कपाटावर पडलेलं आहे असं ऐकते. (ऐकलेलं नाही.) तर ते पुस्तक पुरं कर आणि प्रकरण झालं की लगेच पाठव. खापरपणजोबा नकोत. या पत्रातलं एवढंच खरं काम होतं, बाकीचं तू चाळलंस तरी चालेल.

आणखी एक : आमचे वडील आठ दिवस तुझ्याकडे राहायला यायचं म्हणताहेत. त्यांना काही लागत नाही, कोपऱ्यात बसून तुझ्याकडे बघत राहतील. तू उठलास की तेही उठतील, त्याला घाबरू नकोस. वहिनीला विचारलं आहे, ती एका पायावर तयार आहे. म्हणते, निदान दोघांतला एक तरी बोलेल.

शेवटचं : पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. तू कालचा भाग पाहिलास म्हणे, दारात उभं राहून (बसलं की पाहिल्यासारखं होतं म्हणून). वडिलांना बघून "हे साफ खोटं आहे" म्हणालास, आज उजाडताच स्टूल ओढलंस, गाठोडं खाली घेतलंस, खापरपणजोबांना नळांसकट बाजूला काढलंस आणि कोरा कागद घेऊन बसलास. सकाळपासून उठलेला नाहीस. चहा दोनदा गार झाला. म्हणजे हे एवढं लांबलचक पत्र वायाच गेलं. पण लिहिलं आहे तर टाकते. वहिनीने तुझ्या खांद्यावरून वाचून पहिली ओळ मला फोनवर सांगितली. "मी हसत नाही ही अफवा आहे, माझ्या धाकट्या बहिणीने आजवर विनोदच केलेला नाही." दादा, मी हातातलं पाकीट टाकून इतकी हसले की सासू आतून धावत आली. मला सहा भाग लागले, तुला एक ओळ लागली. माझा भाऊ लेखक आहे, हे आता मी दाताच्या डॉक्टरांपासून बँकेपर्यंत सगळ्यांना आपणहून सांगणार आहे. फक्त त्या सहा भागांचं पुस्तकात लिहू नकोस, आणि प्रकरण पुरं होईपर्यंत हे पत्र उघडूही नकोस.